पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

लातूरमध्ये लॅब्राडॉरचं पिल्लू घेताना आमचे 9,000 रुपये गेले आणि पिल्लूही गेलं. दिवाळीच्या तोंडावर हा धंदा पुन्हा जोर धरेल, म्हणून लिहितोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून फोन केला. "भाऊ, दोन महिन्यांचं हाय, लस झालीय, बिनधास्त न्या." आई बघायची म्हटलं तर म्हणे, ती नांदेडला पाहुण्यांकडं आहे. पिल्लू बसस्टँडवरच हातात दिलं, पैसे रोख घेतले. पावती मागितली तर "आपल्यात कशाला कागद?" लसीचं कार्ड तेवढं दिलं.

दुसऱ्याच दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडून दाखवलं. पुढचे दात नुकते फुटलेले, दाढांचा पत्ता नाही. जेमतेम महिनाभराचं लेकरू आईपासून तोडून विकलं होतं. कार्डावर नुसती तारीख. लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही. रोग निघाला पार्वो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, म्हणजे तो तिथूनच आला होता. सलाईन लावूनही पिल्लू वाचलं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळं त्या अंगणात लगेच दुसरं पिल्लू आणू नका.

केंद्र सरकारचे 2017 चे श्वानपैदास नियम आहेत, पण आपल्याकडं ते कुणाला माहीतच नाहीत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिची वेतं घ्यायची नाहीत, 8 वर्षांनंतरही नाहीत आणि जन्मभरात 5 पेक्षा जास्त नाहीत. मला राग येतो तो त्या न दिसलेल्या मादीच्या हालांचा. आई दाखवत नसेल तर तिथूनच परत फिरा. केनेल क्लबच्या कागदांवरही विसंबू नका. ते वंशावळ सांगतात, तब्येत नाही.

नोंदणी क्रमांक आधी मागा. शंका आली तर पिल्लू घेण्याआधीच पशुवैद्यकाला दाखवा. परभणी आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पैसे ऑनलाइन द्या, चॅट पुसू नका. आमच्याकडं पावती नव्हती आणि त्याचा नंबर बंद झाला, त्यामुळं तक्रारीत लिहायला त्याचं धड नावही नव्हतं.