चिकन ताजं, पण तमाशा काहून?

चिकन ताजं, सावजीसाठी पीस बी बरोबर करून देतात, पण दुकानातली पोरं जिवंत कोंबडीले पाय धरून गरगर फिरवून हसून राहिली होती, वरून मोबाईलवर शूटिंग. मी बी खाणाराच आहे भाऊ, पण हे काहून? इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमनं १७८९ मध्येच लिहिलं की जनावराले दुखते का हा प्रश्न आहे, पण त्याच्या सुख-दुःखाच्या हिशोबात या पोरांची मजा बी जमेत धरा लागते, ते काई पटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणे जनावराशी क्रूर तो माणसाशी बी तसाच होते, बरोबर, पण मग कोंबडीचं काय? ॲरिस्टॉटलचं पटते, कशात मजा येते त्यावरून माणूस कळते. जनावरांवरच्या क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याले दंड १० ते ५० रुपये, म्हणजे तर्री-पोहे! मालकाले सांगतलं तर तो बी हसला. दोन स्टार, ते बी पीसचे.