बटाट्याच्या जागी रताळे: दसऱ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि खानापूर तालुक्यात राहणाऱ्यांना बटाटा आणि रताळे यांची ओळख करून देण्याची गरज नाही. दोन्ही आपल्याकडे पावसाळी पीक म्हणून निघतात, दोन्ही एपीएमसीच्या आवारात पोत्यांनी येतात आणि एकादशीला एकाच ताटात बसतात. तरीही बटाटा वर्षभराचा आणि रताळे उपवासापुरते, अशी वाटणी आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आली होती. गेल्या दसऱ्याला नवीन रताळी बाजारात आली, तेव्हा सासूबाईंच्या मधुमेहाचा विचार करून आम्ही सकाळच्या खाण्यातील बटाटा काढला आणि त्या जागी रताळे ठेवले. होळीपर्यंत हा क्रम चालला. या काळात जे दिसले आणि अन्नघटकांच्या तक्त्यांशी ताडून जे समजले, ते आपल्या भागातील घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम आकडे पाहू. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७७ किलोकॅलरी ऊर्जा, १७.५ ग्रॅम कर्बोदके, २ ग्रॅम प्रथिने आणि २ ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ असतात. तेवढ्याच रताळ्यात ८६ किलोकॅलरी, २० ग्रॅम कर्बोदके, १.६ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. म्हणजे वजन कमी करण्यासाठी बटाटा सोडून रताळे खावे, या सल्ल्याला ऊर्जेच्या आकड्यात आधार नाही. रताळ्यात ऊर्जा थोडी जास्तच आहे. पोटॅशियम बटाट्यात जास्त, सुमारे ४२० मिलिग्रॅम, तर रताळ्यात ३३७. जीवनसत्त्व क बटाट्यात २० मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण सोलून आणि चिरून उकडल्यास त्यातील बराच भाग पाण्याबरोबर जातो. रताळ्यातील क जीवनसत्त्वाचा आकडा जातीनुसार फार बदलतो. अमेरिकी तक्त्यात तो २.४ मिलिग्रॅम आहे आणि भारतीय तक्त्यांत त्याहून बराच मोठा आहे, त्यामुळे निवड करताना मी त्याला महत्त्व दिले नाही.

आता मुख्य मुद्दा. रताळ्याची जी स्तुती सर्वत्र वाचायला मिळते, तिचा मोठा भाग अ जीवनसत्त्वाविषयी असतो आणि ते खरेही आहे, पण नारिंगी गराच्या रताळ्याबाबत. वर सांगितलेल्या अमेरिकी तक्त्यात १०० ग्रॅम रताळ्यात साधारण साडेआठ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) दाखवले आहे, ते नारिंगी गराच्या जातीचे आहे. बीटा कॅरोटीन हे नारिंगी रंगाचे द्रव्य असल्यामुळे गर कापून पाहिला की त्याचा अंदाज डोळ्यांनाच येतो. आपल्या बाजारात जे रताळे प्रामुख्याने येते त्याची साल लाल किंवा गुलाबी आणि गर पांढरा असतो. या गरात बीटा कॅरोटीन जवळजवळ नसते. लाल साल पाहून आपण डोळ्यांसाठी काही चांगले घेत आहोत असे समजणे म्हणजे सालीच्या रंगाला गराचा रंग मानणे होय. मुलीच्या डोळ्यांसाठी म्हणून जे रताळे मी आणणार होते, त्याऐवजी मी गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला यांचे प्रमाण वाढवले आणि रताळ्याकडून ती अपेक्षा ठेवली नाही.

नारिंगी रताळ्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या अभावावर उपाय म्हणून त्याचा प्रसार करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जान लो या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यासह हॉवर्थ बुइस हेही त्या पुरस्काराचे मानकरी होते. आपल्या देशात तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी गराची आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळ्या गराची जात विकसित केली आहे. खानापूर आणि बेळगावच्या शेतकऱ्यांकडे रताळ्याचे वेल लावण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांच्या बांधापर्यंत नारिंगी जातीचे वेल पोहोचावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मग हेच पीक आपल्या मुलांच्या आहारातील खरी उणीव भरून काढील.

मग पांढऱ्या गराच्या रताळ्याने आम्हांला काय दिले? पहिला फायदा तंतुमय पदार्थांचा. सालीसकट उकडलेले रताळे खाल्ल्यावर पोट दुपारच्या जेवणापर्यंत भरलेले राहते. उप्पीट किंवा पोह्यांनंतर अकरा वाजता काहीतरी तोंडात टाकण्याची जी सवय होती, ती आपोआप कमी झाली. पोट साफ राहण्याचा अनुभव घरातील सर्वांनीच सांगितला. बटाटा आम्ही नेहमी सोलूनच वापरत असू, त्यामुळे सालीबरोबरच्या तंतूंचा लाभ त्यात मिळत नव्हता, हेही येथे सांगणे न्याय्य ठरेल.

दुसरा मुद्दा रक्तातील साखरेचा, आणि येथे कंदापेक्षा शिजवण्याची पद्धत अधिक बोलते. प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय तक्त्यांत उकडलेल्या बटाट्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती झपाट्याने चढते याचे माप) सरासरी ७८ आणि उकडलेल्या रताळ्याचा ६३ दिला आहे. मात्र तेच रताळे भाजले की निर्देशांक ८० च्या वर जाऊ शकतो. याचे कारण असे की रताळ्यात पिष्टाचे माल्टोज साखरेत रूपांतर करणारे विकर असते आणि सावकाश तापताना त्याला काम करण्यास भरपूर वेळ मिळतो. चुलीच्या निखाऱ्यांत भाजलेले रताळे इतके गोड लागते ते याचमुळे. थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांतील रताळ्याचा मोह आवरणे कठीण असते, हे मी मान्य करते, पण मधुमेही माणसाला ते रोज देऊ नये. सासूबाईंची जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली साखर उकडलेल्या रताळ्यानंतर आटोक्यात राहिली आणि भाजलेल्या रताळ्यानंतर स्पष्टपणे चढली. एका व्यक्तीचा हा अनुभव असला तरी तो तक्त्यांशी जुळणारा होता, म्हणून आम्ही भाजलेले रताळे त्यांच्यासाठी बंद केले. उकडलेल्या फोडींबरोबर दही आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट दिला की प्रथिनांची उणीवही भरून निघते आणि साखर हळू चढते.

बटाट्यालाही या बाबतीत एक संधी आहे. आदल्या रात्री उकडून थंड केलेल्या बटाट्यातील काही पिष्ट सहजासहजी न पचणाऱ्या रूपात बदलते. म्हणून गरमागरम कुस्करलेल्या बटाट्यापेक्षा थंड झालेल्या बटाट्याची कोशिंबीर मधुमेही व्यक्तीला बरी. आमच्या घरी बटाट्याची पातळ भाजी अजूनही होते. जवारी (गावठी) बटाट्याची चव रताळ्याने भरून निघत नाही आणि तिखट रश्शात रताळे आम्हां कोणालाच रुचले नाही.

या सर्व काळात एक नियम सर्वांत उपयोगी ठरला आणि तो दोन्ही कंदांना सारखाच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते, तेव्हा त्या मापात बटाटा आणि रताळे धरत नाही, कारण ते पिष्टाचे पदार्थ आहेत. म्हणून ताटात रताळे किंवा बटाटा असेल त्या वेळी आम्ही एक भाकरी कमी करतो आणि पालेभाजी वेगळी ठेवतो. बटाट्याची भाजी, भाकरी आणि वर भात असे ताट म्हणजे एकच गोष्ट तीन रूपांत वाढणे आहे. सासूबाईंच्या साखरेत जो फरक पडला, त्यात रताळ्याचा वाटा किती आणि या कमी झालेल्या भाकरीचा किती, असे कोणी विचारले तर मी भाकरीचा वाटा मोठा मानीन.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी दोन्ही कंद डॉक्टरांना विचारूनच खावेत, कारण दोन्हींत पोटॅशियम बरेच आहे. रताळ्यात ऑक्झलेटही असल्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण सांभाळावे.

साठवणीविषयी थोडे. रताळे फ्रिजमध्ये ठेवू नये. अति थंडीने त्याचा गाभा कडक होतो आणि तो शिजत नाही. टोपलीत, कोरड्या आणि हवेशीर जागी ते आठवडाभर सहज टिकते. बटाटा मात्र अंधारात ठेवावा, कारण उजेडात तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. महाशिवरात्रीनंतर रताळ्यांत सोंड्या भुंग्याची कीड अधिक दिसू लागली. किडलेले रताळे कडू होते आणि हा कडवटपणा किडलेल्या भागापुरता राहत नाही, म्हणून ते कापून न वापरता पूर्ण टाकून द्यावे. कुजलेली किंवा बुरशी लागलेली रताळी गोठ्यात टाकण्याची पद्धत काही घरांत आहे, तीही सोडावी. अशा रताळ्यांतील विषारी द्रव्याने गाई-म्हशींच्या फुफ्फुसांना गंभीर इजा होते.