स्लॅलममध्ये अडल्यावर आधी काय बदलावे : तंत्र, मांडणी की स्की?

स्लॅलम वॉटर स्कीइंगमध्ये, म्हणजे बोटीमागे दोर धरून एकाच स्कीवर सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) वळसा घालत जाण्याच्या खेळात, प्रगती थांबते ती बहुधा एका ठरावीक जागी. दोर टप्प्याटप्प्याने आखूड होत जातो. त्याच्या एखाद्या लांबीपर्यंतच्या फेऱ्या सहज पुऱ्या होतात आणि त्यापुढची फेरी मात्र दर वेळी तिसऱ्या किंवा चौथ्या बोयाशी तुटते. आठवड्यामागून आठवडे आकडा हलत नाही, तेव्हा प्रश्न पडतो की आपले तंत्र चुकते आहे, फिन (स्कीच्या मागच्या टोकाखालचे पाते) आणि बाइंडिंग (पाय अडकवण्याचे बूट किंवा पट्टे) यांची मांडणी चुकली आहे, की ही स्कीच आपल्याला योग्य नाही. तिन्ही शक्यता खऱ्या असू शकतात आणि तिन्हींमागे धावून अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगतो : मांडणी मोजून उत्पादकाने दिलेल्या मूळ मापांवर आणावी, मग तिला हात न लावता तंत्रावर काम करावे, आणि त्यानंतरही तोच दोष त्याच ठिकाणी उरला तरच बाइंडिंग, फिन आणि शेवटी नवी स्की या क्रमाने पुढे जावे.

हा क्रम का, हे समजण्यासाठी मार्गाची भूमिती डोळ्यांसमोर असायला हवी. प्रवेशाच्या गेटपासून (दोन बोयांमधल्या दारापासून) बाहेर पडण्याच्या गेटपर्यंत मार्ग २५९ मीटरचा असतो. पहिला बोया गेटपासून २७ मीटरवर आणि पुढचा प्रत्येक बोया मार्गाच्या दिशेने ४१ मीटरवर येतो, आणि सहाही बोये आलटून पालटून दोन्ही बाजूंना मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर असतात. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर आणि महिलांच्या गटात ५५ किलोमीटर असतो. ५८ च्या वेगाने बोट एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंतचे अंतर अडीच सेकंदांच्या आसपास कापते, आणि तेवढ्याच वेळात स्कीअरला वळण पुरे करून २३ मीटर आडवे जावे लागते. कमाल वेग गाठला की त्यानंतर अवघडपणा वाढतो तो दोर आखडल्यामुळे : १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याहूनही कमी.

हे आकडे कोनांत मांडले की अडचण नेमकी कळते. हँडल बोयाच्या रेषेपर्यंत न्यायचे तर १८.२५ मीटरच्या दोराला बोटीमागच्या मध्यरेषेशी सुमारे ३९ अंशांचा कोन करावा लागतो, १४.२५ मीटरला ५४ अंशांचा आणि १२ मीटरला ७३ अंशांचा. ११.२५ मीटरचा दोर तर बोयाच्या अंतराहून आखूड असतो, आणि उरलेले अंतर लांबवलेल्या हाताने व कललेल्या शरीरानेच भरून काढावे लागते. पुरुषांचा जागतिक विक्रम ९.७५ मीटरच्या दोरावरचा आहे, यावरून हा खेळ कुठवर गेला आहे याची कल्पना यावी. तात्पर्य असे की लांब दोरावर जी चूक खपून जाते तीच दोन दोर पुढे गेल्यावर खपत नाही. आपण नवी चूक करू लागलेलो नसतो, जुनीच चूक आता महाग पडू लागलेली असते.

तंत्राच्या वाटेचे सर्वात मोठे बळ इथेच आहे. अडलेल्या स्कीअरची फेरी ज्या बोयाशी तुटते, त्या बोयाशी चूक क्वचितच घडलेली असते. ती बहुतेकदा त्याआधीच्या अडीच सेकंदांत, आणि पुष्कळदा गेटवरच झालेली असते. गेटसाठी बाहेर पडताना पुरेसे रुंद आणि उंच, म्हणजे बोटीच्या बाजूने पुरेसे बाहेर आणि पुढे, गेलो नाही, किंवा आत वळण्याची घाई केली, तर पहिल्या बोयाशी उशीर होतो, तो उशीर दुसऱ्याशी वाढतो आणि तिसऱ्याशी दोर सैल पडतो. सैल पडलेला दोर झटक्याने ताणला गेला की स्कीअर पुढे ओढला जातो, आणि पाहणाऱ्याला वाटते की वळण चुकले.

दोन गोष्टींकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगेन. पहिली म्हणजे बोटीमागच्या लाटा कापताना शरीराची ठेवण : घोटे, कंबर आणि खांदे एका तिरप्या रेषेत असावेत, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि ओढ दंडांवर न येता पायांतून स्कीच्या कडेवर जावी. कंबर मागे पडली की वजन शेपटीकडे, म्हणजे स्कीच्या मागच्या भागाकडे सरकते, स्कीचे पुढचे टोक उचलले जाते आणि कोन हातचा जातो. दुसरी गोष्ट हँडलची. दुसरी लाट ओलांडून स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते, त्या क्षणी हँडल कमरेपाशीच राहायला हवे आणि कोपरे बरगड्यांना लागलेली असायला हवीत. हँडल त्याआधीच शरीरापासून सुटले, तर बाजूला नेणारी गती तिथेच संपते आणि बोया समोर दिसत असूनही स्कीअर आत खेचला जातो.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही. एका हंगामात १३ मीटरच्या दोरावर माझ्या अवघड बाजूच्या वळणात स्कीचे टोक वर येत असे आणि वळण लांबत असे. मी सहा आठवडे फिन बदलत राहिलो. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस बरे वाटे आणि मग तेच पुन्हा सुरू होई. शेवटी बोटीतून घेतलेले चित्रण एकेक चौकट थांबवत पाहिले, तेव्हा सोयीच्या बाजूला हँडल दुसऱ्या लाटेच्या पलीकडे जाईपर्यंत कमरेशी होते आणि अवघड बाजूला मात्र ते पहिल्याच लाटेवर एक वीत पुढे गेलेले होते. फिन दोन्ही बाजूंना तीच होती, तेव्हा एकाच बाजूला दिसणाऱ्या दोषाचे उत्तर तिच्यात आधी शोधायला नको होते.

तंत्राच्या वाटेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ती संथ आहे. सवय बदलताना गुण आधी घसरतात, आणि ती घसरण सोसण्याची तयारी नसलेला स्कीअर दुसऱ्याच आठवड्यात जुन्या सवयीकडे परततो. शिवाय पाण्यावर आपल्याला जे जाणवते आणि प्रत्यक्षात जे घडते त्यांत फार अंतर असते, त्यामुळे चित्रण किंवा जाणकार डोळा नसेल तर या वाटेने जाणे म्हणजे अंदाजाने चाचपडणेच ठरते.

आता मांडणीची वाट. तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण एक पान्हा आणि अर्धा तास एवढ्यात तीच स्की वेगळी वाटू लागते, आणि न पटल्यास पूर्ववत करता येते. बाइंडिंगचा परिणाम सर्वात सरळ असतो. ती पुढे सरकवली की टोक पाण्यात अधिक राहते आणि वळण लवकर होते. फार पुढे गेली तर टोक रुतून स्कीअर तोंडावर फेकला जातो. मागे सरकवली की स्की मोकळी धावते, पण टोक उठते आणि वळण लांबते. फिनचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. खोली कमी केली की शेपटी सहज घसरते आणि वळण चटकन पुरे होते, मात्र अती केल्यास वळणाच्या शेवटी शेपटी निसटते. खोली वाढवली की पकड आणि स्थैर्य येते, पण स्की वळण पुरे करायला तयार होत नाही. फिन पायाच्या दिशेने पुढे आणली तर स्की फिरवणे सोपे जाते आणि मागे नेली तर ती अधिक सरळ व स्थिर चालते. फिनवरची छोटी विंग वळणाआधी वेग कमी करते. तिचा कोन बहुधा ७ ते ९ अंशांच्या दरम्यान ठेवतात आणि तो वाढवला की रोध वाढतो.

अडचण अशी की खोली, लांबी आणि शेपटीपासूनचे अंतर ही तिन्ही मापे एकाच पात्याची आहेत. स्क्रू सैल करून एक बदलायला जावे तर उरलेली दोन नकळत हलतात. कामाचे बदल इतके बारीक असतात की ५ हजारांश इंच, म्हणजे सव्वा दशांश मिलिमीटरच्या आसपास आणि साध्या कागदाच्या जाडीहून किंचित जास्त एवढा फरकही पाण्यावर जाणवतो. कॅलिपरचा (बारीक मोजमापाच्या साधनाचा) जबडा फिनच्या कडेला जरा तिरका टेकला तरी तेवढी चूक होते. मी एकच माप तीन वेळा घेतो, आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर स्क्रूला हात लावत नाही. स्क्रू आवळतानाही पाते किंचित सरकते, म्हणून खरे माप ते आवळल्यानंतरचेच धरावे.

पाण्याचाही भाग आहे. १० अंश सेल्सिअसचे पाणी २५ अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दीडपट चिकट असते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला जुळवलेली मांडणी उन्हाळ्याच्या मध्यावर तशीच वाटेल असे गृहीत धरता येत नाही. मांडणी हे कायमचे उत्तर नसते, आणि ज्याच्याकडे तारीख, पाण्याचे तापमान, सर्व मापे व केलेल्या फेऱ्या यांची वही नाही, त्याने या वाटेला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. एका वेळी एकच बदल करावा, निदान तीन-चार दिवस त्यावर राहावे आणि पहिल्या दिवसाच्या आनंदावर निर्णय घेऊ नये. बदलानंतर आपण आपोआप जास्त लक्ष देऊन स्की करतो आणि त्या लक्षाचे श्रेय फिनला जाते.

तरीही मांडणीची शंका कधीच घेऊ नये असे मी म्हणणार नाही. एकदा स्की साफ करून बाइंडिंग परत बसवल्यावर माझी दोन्ही बाजूंची वळणे अचानक बिघडली, आणि पंधरवडाभर मी स्वतःला दोष देत राहिलो. मोजल्यावर कळले की बाइंडिंग एक भोक मागे बसले होते. दोन्ही बाजूंना एकदम आणि एका विशिष्ट दिवसापासून सुरू झालेला दोष साधनाचा असण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच मोजणीला मी सर्वात आधीचे स्थान देतो. ती प्रयोग नसून तपासणी आहे, आणि तिला फार वेळही लागत नाही.

उरली नवी स्की. ताशी ५० किलोमीटरच्या खाली स्की करणाऱ्याकडे अरुंद स्पर्धा-स्की असेल, तर इथे माझा क्रम उलटतो आणि स्की आधी बदलावी. कमी वेगात अरुंद स्की पाण्यात खोल बसते, तिला ओढून न्यावे लागते आणि त्या ओढाताणीत चुकीच्या सवयी मुरतात. रुंद स्की पाण्यावर उंच राहते, कमी ओढीत बाजूला जाते आणि योग्य ठेवण शिकायला उसंत देते. त्याउलट पूर्ण वेगाने आखूड दोरावर जाणाऱ्याला रुंद स्की कडेवर घालायला जड जाते. कार्बनची स्की हलकी व ताठर असते आणि मिळालेला जोर चटकन परत देते. फायबरग्लासची स्की अधिक लवचीक व क्षमाशील असते, आणि जो अजून वेग वाढवतो आहे त्याला ती तोट्याची नाही. आपले वजन आणि वेग उत्पादकाच्या तक्त्यातील एकाच मापात नीट बसत असतील, तर केवळ नव्या वर्षाचे मॉडेल आले म्हणून बदल करण्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. मात्र खूप वापरलेली स्की मऊ पडते, आणि तेव्हा कोणतीही फिन तिला पूर्वीसारखी करत नाही.

बाइंडिंगचा प्रकार बदलताना गुणांचा विचार दुय्यम ठेवावा. दोन्ही पाय बुटांत अडकवायचे, की मागचा पाय साध्या पट्ट्यात ठेवायचा, यावर पडताना पाय कसे सुटतात हे अवलंबून असते. एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर घोट्याला गंभीर दुखापत होऊ शकते. रबराच्या बुटांवरून कडक बुटांवर जाणाऱ्याने सुटण्याची यंत्रणा आधी जमिनीवर तपासावी, मग लांब दोरावर आणि कमी वेगात काही दिवस काढावेत.

निर्णय करताना एक सोपी परीक्षा मला विश्वासार्ह वाटते. ज्या दोरावर अडलो आहोत त्याहून दोन टप्पे लांब दोरावर जावे आणि सहा बोये पुरे करतानाचे चित्रण पाहावे. तोच दोष तिथे सौम्य रूपात दिसला, तर तो तंत्राचा आहे आणि फिनला हात लावू नये. लांब दोरावर दोन्ही बाजू स्वच्छ असतील आणि दोष फक्त आखूड दोरावर, दोन्ही बाजूंना सारखाच येत असेल, तर बाइंडिंग सर्वात लहान टप्प्याने हलवून पाहण्यात अर्थ आहे. आपल्याच वजनाच्या जाणत्या स्कीअरने आपली स्की वापरली आणि त्यालाही तेच जाणवले, तर मांडणीची बाजू आणखी बळकट होते. त्याची स्की आपण वापरली आणि दोष पहिल्याच दिवशी नव्हे, तर आठवड्यानंतरही आला नाही, तर नव्या स्कीचा विचार करायला हरकत नाही. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असेल, तर यांपैकी काहीही न करता मापे वहीत लिहून घ्यावीत, स्क्रू आवळलेले आहेत ना ते पाहावे आणि गेटचा सराव करावा.