लॅबचं ‘पीसीओडी प्रोफाइल’: हार्मोन भरपूर, साखर गायब

पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस, हा पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड. बहुतेक लॅब त्याच्या नावाने तपासण्यांचा एक गठ्ठा विकतात. माणूस घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट मोबाइलवर येतो. यादीत एलएच आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारी हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन). महागड्या पॅकेजात एएमएच (अंडाशयातल्या बीजकोशांच्या संख्येचा अंदाज देणारं हार्मोन) आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन. सोय चांगली आहे. पण जे वगळलंय, तेच पुढच्या आयुष्यात जास्त त्रास देतं.

टीएसएच आणि प्रोलॅक्टिन हवंच, कारण या दोहोंच्या बिघाडानेही पाळी चुकते. टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी (त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन) असेल तरच त्या आकड्याचा नीट अर्थ लागतो. १७-ओएचपी हे आणखी एक हार्मोन यादीत अनेकदा नसतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा हुबेहूब अशीच लक्षणं देणारा आनुवंशिक आजार त्यावरून ओळखता येतो, म्हणून ते मागून घ्या. एलएच-एफएसएचचं गुणोत्तर रिपोर्टवर ठळक छापतात, पण पीसीओएसच्या निदानाच्या निकषांत ते नाही. इन्शुलिनवर खर्च करू नका, आकडा लॅबगणिक बदलतो. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रीला सोनोग्राफीऐवजी एएमएच चालतं; पहिली पाळी येऊन आठ वर्षं झालेली नसतील तर निदानासाठी दोन्ही नकोत. सोळा वर्षांच्या मुलीला हे पॅकेज म्हणजे विनाकारण धास्ती.

आता साखर. पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो, सडपातळ मुलींनाही. नुसती उपाशीपोटीची साखर नॉर्मल येऊन फसवू शकते. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी लागते: रात्रभर उपास, आधी एकदा रक्त, मग २५०-३०० मिली पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात चहा नाही, फेरफटका नाही. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ आला तर मधुमेहाची पूर्वावस्था, २०० किंवा वर म्हणजे मधुमेहाच्या पातळीची साखर. दर एक ते तीन वर्षांनी ही तपासणी पुन्हा करायची. घरून नमुना नेणाऱ्याला दोनदा यावं लागतं, म्हणून बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. कोलेस्टेरॉल त्याच रक्तात होतं. रक्तदाब मोजायला तर सुईही लागत नाही, तरी तो कुणी मोजत नाही.

रिपोर्ट चुकण्याचं एक कारण लॅबवाले क्वचितच विचारतात: केसगळतीच्या गोळ्यांतलं बायोटिन. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं. या गोळ्या किमान दोन दिवस आधी बंद हव्यात, डोस मोठा असेल तर जास्त दिवस. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजून उपयोग नाही. त्या थांबवून तीन महिने जावे लागतात, तेही डॉक्टरांना विचारूनच आणि गर्भनिरोधाची दुसरी सोय करून. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी द्यावं.

पाळी नव्वद दिवसांहून जास्त लांबली असेल तर मात्र पॅकेजच्या नादात थांबू नका. आधी गरोदरपणाची चाचणी, मग थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने साचत राहिलं तर पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो, आणि अस्तराची अवस्था या प्रोफाइलमधल्या एकाही आकड्यावरून कळत नाही.