ग्रेट सर्कल मॅपर: अंतराला चोख, पण वेळ विचारू नका

हवाई अंतर पाहायला ग्रेट सर्कल मॅपर हे फुकट संकेतस्थळ अजूनही सर्वांत भरवशाचं आहे. नोंदणीची कटकट नाही. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मधे आडवी रेघ देऊन टाकायचे: मुंबई-नागपूरसाठी बीओएम-एनएजी. उत्तर सुमारे 680 किमी. एकक मात्र आधी तपासा, कारण हेच अंतर मैलांत 425 आणि नॉटिकल मैलांत 370 भरतं. स्वल्पविराम देऊन अनेक मार्ग एकाच नकाशावर काढता येतात. दिसायला जुनाट आहे, पण चालतं झकास.

शहराचं नाव घेऊन उत्तर देणारे इतर कॅल्क्युलेटर इथेच घसरतात. गोवा म्हणजे दाबोळी की मोपा? मुंबईहून दाबोळी सुमारे 425 किमी, मोपा 385. कोड टाकला की हा घोळच उरत नाही.

वेळेचं गणित वेगळं. बरेच कॅल्क्युलेटर ताशी 800 किमीच्या आसपास वेग धरतात आणि वर सरसकट अर्धा तास मिळवतात. त्या हिशेबाने नागपूर 1 तास 20 मिनिटं. प्रत्यक्षात मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून विमान बहुतेकदा पश्चिमेला, समुद्राकडे उडतं आणि मग वळून पूर्वेला लागतं. शिवाय इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी जमिनीवर रांग, उतरताना आकाशात घिरट्या. मुंबईसाठी अर्ध्याऐवजी पाऊण तास धरलात तर आकडा तिकिटावरच्या वेळेच्या जवळ जातो.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही हिशेब असतो. मुंबई-लंडन सुमारे 7,200 किमी, पण पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. कॅल्क्युलेटर दोन्हीकडे एकच वेळ सांगतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली-लंडन अंतर नकाशावर तेवढंच राहिलं आणि उड्डाण लांबलं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, त्यामुळे परदेशी जाताना नुसती वजाबाकी करू नका. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.

पैशाचा प्रश्न आला तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. आगाऊ न कळवता उड्डाण रद्द झालं, तर डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात भरपाई ठरते ती ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या नियोजित वेळेवर. तासाभरापर्यंत 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली कमी असेल ती रक्कम. मुंबई-गोवा हवेत तासाच्या आत होतं, पण वेळापत्रकात तासाच्या वर असतं, म्हणून दुसरा टप्पा लागू होतो.