वाळूचा हौद, जाळी आणि फवारा: खड्डे खणणाऱ्या दोन कुत्र्यांसोबत तीन ऋतू

सगळ्यांना पूर्ण वाचायला वेळ नसतो, म्हणून निकाल आधीच सांगते. वासाचा फवारा घेऊ नका. कुंपणालगतची जाळी बिनदिक्कत घ्या. वाळूचा हौद, म्हणजे कुत्र्याला हक्कानं उकरायला दिलेली जागा, मात्र तुमचं कुत्रं कशासाठी उकरतंय ते बघून ठरवा.

आमच्याकडे बंड्या हा डॅशहुंड आणि झिपरी ही दाट केसांची, मिश्र जातीची थोराड कुत्री आहे. डॅशहुंड ही जात जर्मनीत बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची, त्याच्या बिळात घुसून शिकार करायला तयार झाली. ते आखूड पाय आणि रुंद पंजे त्यासाठीच. त्यामुळे बंड्याला खोदू नकोस म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याचे खड्डे अरुंद, खोल आणि कुठेही. नुकतीच माती हलवलेली दिसली की तिथे आधी. झिपरीचे खड्डे उथळ, तिच्या अंगाच्या मापाचे, फक्त उन्हाळ्यात आणि भिंतीच्या सावलीत. म्हणजे एकाला खोदण्यातच मजा येते, दुसरीला पोट टेकायला गार माती हवी असते. कुत्र्यांना घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, त्यामुळे तिचंही चुकत नाही. काही विकत घेण्याआधी आठवडाभर नुसतं बघा: खड्डा कुठे पडतो, कधी पडतो आणि केवढा पडतो.

लिंबूवर्गीय वासाचा फवारा सगळ्यात स्वस्त म्हणून आधी आणला. बंड्यानं नाक फेंदारलं, दोनदा शिंकला आणि हातभर सरकून नवीन काम सुरू केलं. झारीचं पाणी पडलं की वास जातो, पाऊस आला की विषयच संपला. फवारा निदान निरुपद्रवी तरी आहे. लोक मिरचीपूड टाका, डांबरगोळ्या पुरा असंही सांगतात, ते अजिबात करू नका. मिरचीनं नाकाडोळ्यांची आग होते आणि डांबरगोळी पोटात गेली तर विषबाधा होते. झाडांच्या बुडाशी कोकोच्या टरफलांचं आच्छादन घालत असाल तर तेही काढा. चॉकलेटमधलं जे थिओब्रोमिन कुत्र्यांना बाधतं, तेच त्यात असतं. आणि हाडांच्या चुऱ्याचं खत घातलेल्या गुलाबाच्या आळ्यात कुत्रं शिरलं तर त्याला बोल लावू नका, ते आमंत्रण आपणच दिलेलं असतं.

जाळीचं काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. जाळीची पट्टी काटकोनात वाकवायची. उभा भाग कुंपणाला तारेनं बांधायचा आणि आडवा, साधारण दीड फुटाचा भाग आतल्या बाजूनं जमिनीत दोन-तीन इंच खाली पुरायचा. कुत्रं कुंपणाला अगदी नाक लावून उकरतं. नखं जाळीला अडली की दोन पावलं मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. कापलेली टोकं आठवणीनं खाली वळवा, नाहीतर पंजा फाटेल. पातळ कोंबडजाळी पावसाळ्यात गंजून तुटायला लागली, म्हणून तिथे वेल्डमेश, म्हणजे जाड तारा जोडून केलेली जाळी टाकली. तेव्हापासून त्या बाजूला एकही भुयार नाही. आळ्यांमध्ये खोडाभोवती मोकळी जागा सोडून तीच जाळी अंथरली आहे. वरून गवत आलं, आता दिसतही नाही.

आता हौद. चार फळ्या, तळाचं कापड आणि झाकण असा तयार संच मागवला होता. लांबी-रुंदी बंड्याला ऐसपैस फिरता येईल एवढी, खोली दीड फूट. फळ्या मजबूत निघाल्या, झाकण मात्र पहिल्याच पावसात वाकलं आणि तळाचं कापड बंड्यानं महिन्याभरात फाडून वर आणलं. त्याजागी फरशीचे तुकडे बसवले. पाणी फटींतून झिरपतं, त्यामुळे डबकं होत नाही. आत धुतलेली भरड वाळू घाला. माती भरलीत तर घरभर चिखलाचे पंजे उमटतील. वाळूही घरात येतेच, पण झाडली की जाते.

कुत्रं आपण होऊन हौदात जात नाही. आधी चेंडू अर्धवट पुरला, मग थोडा खोल, मग त्याच्या नकळत. बंड्या दुसरीकडे उकरताना सापडला की त्याला हाक मारून हौदाशी न्यायचं आणि तिथे पंजा चालवला की तोंडभरून कौतुक करायचं. खड्डा पडून गेल्यावर रागावण्यात अर्थ नाही. अपराधी चेहरा करतोच की, असं घरचे म्हणत. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या अभ्यासात तो चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असल्याचं दिसलं. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसला की तसंच तोंड करत होती.

सवय लागल्यावर मात्र बघण्यासारखं असतं. पुढचे पाय यंत्रासारखे आळीपाळीनं चालतात, वाळू पोटाखालून मागच्या पायांमधून फवाऱ्यासारखी उडते. मध्येच थांबून तो डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो, फुर्र करून नाक मोकळं करतो आणि पुन्हा जुंपतो. चेंडू मिळाला की तो बाजूला ठेवून खोदणं चालूच! बागेतले खड्डे पूर्ण थांबले नाहीत, पण आता क्वचितच पडतात. नवीन रोप लावलं की चार दिवस पहारा लागतो.

झिपरीनं हौदाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिच्यासाठी भिंतीशी हिरवं शेडनेट बांधलं, उथळ टबात पाणी ठेवलं आणि भर दुपारी तिला घरात घ्यायला लागलो. खड्डे बंद. हौद तिच्यापुरता फुकट गेला असता, पण थंडीत सकाळी ऊन खाल्लेल्या वाळूत ती जाऊन पसरते आणि बंड्या कडेला उभा राहून तिच्या नावानं भुंकतो.

काही त्रास सांगायलाच हवेत. झाकण नसेल तर मांजरं हौदाचा संडास करतात, आणि त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत राहतात. आम्ही आता रोज रात्री ताडपत्री ओढतो. ओल्या वाळूला कुबट वास येतो, ती खालीवर करून उन्हात वाळवावी लागते. उडालेल्या वाळूची भरपाई करत राहावी लागते. वाळू खाणारं पिल्लू असेल तर हौद नकोच, आतड्यात वाळू साचून जिवावर बेतू शकतं. आणि तुम्ही बाहेर पडलात की कुत्रं फाटकाशीच उकरत असेल, सोबत रडत किंवा लाळ गाळत असेल, तर ती एकटं राहण्याची भीती असू शकते. तिथे वाळूचा उपयोग नाही, आधी पशुवैद्यांना दाखवा.