तुऱ्याचा सेलोसिया: पूर्ण हंगाम लावून पाहिल्यावर

हंगामी फुलझाडांत कमी राबवून जास्त दिवस रंग देणारं झाड कोणतं, असं कुणी विचारलं तर मी आता तुऱ्याच्या सेलोसियाचं नाव घेते. एक अट मात्र घालते: तुरा आलेलं रोप विकत आणायचं नाही. बाकीच्या सूचना त्यामानाने किरकोळ आहेत. बियांपासून केलेली रोपं आणि फुललेली आणलेली रोपं एकाच वाफ्यात शेजारी शेजारी वाढवली, तेव्हा या अटीचं महत्त्व नीट कळलं.

कोंबडा सगळ्यांच्या ओळखीचा असतो, मखमली आणि वळ्यावळ्यांचा. हे त्याचंच भावंड. शास्त्राच्या हिशेबाने दोन्ही ‘सेलोसिया अर्जेन्शिया’च, आणि शेतात तण म्हणून उगवणारा कुरडूही तोच. कुरडूचं पांढरट-गुलाबी कणीस डोळ्यांसमोर आणा, ते पिंजून फुलवा आणि त्यात लाल, केशरी, पिवळा किंवा गडद गुलाबी रंग भरा, की झाला तुऱ्याचा सेलोसिया. कूळ राजगिरा-माठाचं, त्यामुळे फूल येईपर्यंत पानांचा तोंडवळा भाजीच्या वाफ्यासारखाच राहतो. पहिल्यांदा लावणाऱ्याने तेवढी तयारी ठेवावी. तुरा येईपर्यंत या झाडाकडे कुणी वळून बघत नाही.

आता पेरणी. बी काळंभोर, चकचकीत आणि मोहरीपेक्षाही बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर भरतं. म्हणून पाकीट हलकं लागलं तरी निराश व्हायचं कारण नाही. उगवणीसाठी मातीचं तापमान २१ ते २७ अंशांच्या आसपास हवं. त्याहून थंड मातीत बी नुसतं पडून राहतं आणि मग कुजतं. भिजवलेल्या कोकोपीटवर बी भुरभुरायचं, वरून जेमतेम चिमूटभर चाळलेलं माध्यम टाकायचं आणि पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. झारीची धार पडली की सगळं बी ट्रेच्या एका कोपऱ्यात जमा होतं. एक ते दोन आठवड्यांत उगवण होते. लाल वाणांची इवलीशी खोडं उगवतानाच लालसर असतात आणि पिवळ्यांची फिकट हिरवी, त्यामुळे मिश्र रंगांच्या पाकिटातून काय काय निघणार याचा थोडा अंदाज तिथेच येतो.

या टप्प्यावर खरा शत्रू म्हणजे रोपांची मर. खोड मातीलगत बारीक होतं, तपकिरी पडतं आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं झालेलं दिसतं. कारण बुरशी, आणि बुरशीला आमंत्रण देतात दाटी, कोंदट हवा आणि सतत चिंब माध्यम. उगवण झाल्याबरोबर ट्रेवरचं झाकण काढलं, सकाळीच पाणी दिलं आणि विरळणी करताना हात आखडता घेतला नाही, तर मर बरीच आटोक्यात राहते. विरळणी जिवावर येते हे खरं, पण दाट ट्रेमधून शेवटी एकही धड रोप हाती लागत नाही.

चार ते सहा खरी पानं आली की रोप हलवायचं. इथे दिरंगाई करायची नाही, कारण याच टप्प्यावर या झाडाचं पुढचं आयुष्य ठरतं. सेलोसियाला लहानपणी कोणताही ताण सोसवत नाही. मुळं ट्रेच्या कप्प्यात गोल गोल फिरू लागली, पाणी एक-दोनदा तुटलं किंवा गारठा लागला, की रोप वाढीचा नाद सोडतं आणि बोटभर उंचीवरच तुरा काढून मोकळं होतं. वर्षायू झाडाचा स्वभावच तो: दिवस बरे नाहीत असं दिसलं की आधी बी धरून घ्यायचं. अडचण अशी की एकदा तुरा धरलेलं असं रोप नंतर कितीही चांगल्या मातीत लावलं, खत घातलं, तरी त्याची अंगलट सुधारत नाही.

विकत मिळणारी फुललेली छोटी कुंडी बहुतेक वेळा अशीच असते. मी आणलेल्या रोपांचे तुरे दिसायला सुरेख होते, पण कुंडीतून काढल्यावर माती दिसेना, नुसता पांढऱ्या मुळांचा घट्ट साचा. मुळं हलक्या हाताने मोकळी केली, तुरा कापून टाकला, वाफ्यात चांगल्या जागी लावली. ती रोपं मेली नाहीत, वाढलीही नाहीत. होती तेवढीच राहून दोन-तीन किरकोळ फुटवे देत बसली. त्याच वाफ्यात, त्याच पाण्यावर वाढलेली बियांची रोपं तोपर्यंत त्यांच्या दुप्पट उंच झाली होती आणि त्यांना अजून तुराही धरला नव्हता. विक्रेत्यालाही फार बोल लावता येत नाही, फुलाशिवायचं रोप कुणी उचलत नाही. तरी घेणाऱ्याने हिरवं, ठेंगणं, खालपर्यंत पानं असलेलं आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर न आलेलं रोपच मागावं. सणासमारंभापुरती शोभा हवी असेल तर फुललेली कुंडी ठीक आहे, ती कुंडीतच ठेवावी आणि शोभा संपली की काढून टाकावी.

दिवसाच्या लांबीचाही यात हात असतो. सेलोसियाला लहान दिवसांत फूल लवकर धरतं. म्हणजे दिवस आखूड असताना पेरलं तर रोप पुरेसं वाढायच्या आतच फुलावर येतं आणि झाड बुटकं राहतं. मोठ्या दिवसांत आणि उबेत पेरलं तर आधी अंग भरतं, मग तुरे येतात. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच ते तीन महिने धरून चालायचं. बुटके वाण त्याआधीही येतात.

जागेच्या बाबतीत हे झाड एकाच गोष्टीवर अडून बसतं, ती म्हणजे ऊन. सहा तास तरी थेट ऊन हवंच. माझ्या वाफ्याचं एक टोक दुपारनंतर सावलीत जातं, तिथली झाडं लांबुडकी होऊन एका बाजूला कलली आणि तुरे विरळ आले. माती मात्र मध्यम प्रतीची चालते, निचरा होणारी असली म्हणजे झालं. लागवडीच्या वेळी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत मिसळलं तेवढ्यावर बरंच भागतं. नत्र जास्त झालं की पानं रुंद, खोड पोकळ आणि तुरा उशिरा, हे ठरलेलंच. दोन झाडांत बुटक्यांसाठी २० आणि उंच वाणांसाठी ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं की हवा खेळती राहते. एकदा मुळं खोल गेली की वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी द्यायची गरज नाही. उन्हाने दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नये, संध्याकाळी ती आपोआप सावरतात. संध्याकाळीही मान टाकलेलीच असेल तर माती उकरून बघावी: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मूळकूज.

शेंडा खुडावा की नाही यावर मतं दोन आहेत. मखमली कोंबड्याचा शेंडा खुडायचा नाही, कारण त्याची सगळी शान मधल्या एका मोठ्या फुलात असते. तुऱ्याच्या प्रकारात मात्र रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खुडलेल्या झाडाला पहिलं फूल दोनेक आठवडे उशिरा आलं, पण एका जाड तुऱ्याऐवजी बाजूच्या फुटव्यांवर पाच-सात मध्यम तुरे आले आणि वाऱ्यात झाड लवंडलं नाही. कापून फुलदाणीत लावायला भलामोठा एकच तुरा हवा असेल तर खुडू नका, काठीचा आधार द्या.

रंगाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण हे झाड लावतो आपण त्यासाठीच. तुरा म्हणजे एक फूल नसून शेकडो चिमुकल्या फुलांची गर्दी. प्रत्येक फुलाच्या पाकळ्या मुळातच कागदासारख्या कोरड्या असतात. बोटांत धरून चुरगळल्या तर ओल लागत नाही, बारीक कुरकुर ऐकू येते. मुळात पाणीच कमी, म्हणून कोमेजणं असं होतच नाही, आणि एक तुरा दीड-दोन महिने सहज टिकतो. त्यातला रंगही जास्वंदीतला नव्हे. जास्वंदीसारख्या बहुतेक लाल-जांभळ्या फुलांत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्यं असतात. सेलोसियात बीटालेन गटातली रंगद्रव्यं असतात, म्हणजे बीट, राजगिरा आणि बोगनवेलीत असतात तीच. लाल-जांभळ्या छटा बीटासायनिनच्या, पिवळ्या बीटाझँथिनच्या, आणि केशरी या दोन्हींच्या मिश्रणाने. अँथोसायनिन आणि बीटालेन हे दोन गट मात्र एकाच झाडात कधी एकत्र सापडत नाहीत, ही वनस्पतिशास्त्रातली मोठी गमतीची गोष्ट. बीटालेनमधून निळा रंग येत नाही, तेव्हा निळा सेलोसिया म्हणून कुणी बी दाखवलं तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

तक्रारी आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे संततधार पाऊस. पिसारा पाणी धरून ठेवतो, जड होतो, खोड वाकतं, आणि तुऱ्याच्या आतल्या भागात ओल राहून राखाडी बुरशी धरते. बाहेरून लाल दिसणारा तुरा बोटाने फाकवला की आत तपकिरी लगदा. पाऊस थांबल्यावर झाड हलकेच झटकायचं आणि असा तुरा दिसला की खालच्या पानाच्या बेचक्यापाशी कापून टाकायचा. पाणी नेहमी बुडाशीच घालायचं, तुऱ्यावर कधीच नाही. दुसरी तक्रार अशी की तुरा वाढतो वरच्या टोकाला आणि म्हातारा होतो तळाकडून. वर झळझळीत केशरी आणि खाली मातकट शेपूट असं ध्यान काही आठवडे बघावं लागतं. कोरड्या उन्हाळी हवेत लाल कोळी येतो. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली की पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा तीन-चार दिवस मारला, तेवढ्याने माझं काम झालं. मावा कोवळ्या शेंड्यांवर आला आणि फारसं न बिघडवता गेला. वास विचाराल तर शून्य. कडाक्याची थंडी याला अजिबात खपत नाही, दहिवर गोठलं की झाड एका रात्रीत काळं पडतं.

वाणांपैकी ‘फ्रेश लुक’ सगळ्यात भरवशाचा वाटला. ३० ते ४५ सेंटिमीटर उंची, आधाराची गरज नाही, आणि बाजूचे नवे तुरे जुन्या तुऱ्यांना झाकून टाकत वर येतात, त्यामुळे वर सांगितलेलं मातकट शेपूट यात फार डोळ्यांत येत नाही. यातल्या लाल रंगाला २००४ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं होतं, ते उगाच नाही. पिवळा मात्र कडक उन्हात लवकर फिका होतो. ‘ड्रॅगन्स ब्रेथ’ची पानंच लालसर गडद असल्याने फुलं नसतानाही वाफा ओका वाटत नाही, पण त्याला तुरे यायला बाकीच्यांपेक्षा उशीर झाला. ‘पॅम्पास प्लूम’ हा उंच मिश्र प्रकार कापून ठेवायला उत्तम, कुंडीत मात्र बेढब. कुंडीसाठी ‘किमोनो’सारखे वीतभर उंचीचे बुटके वाण आहेत, मला ते जरा खेळण्यातले वाटतात, पण बाल्कनीच्या कठड्यावर शोभतात.

सुकवण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. तुरा पूर्ण उमलला की, पण तळाशी बी धरण्याआधी, कोरड्या सकाळी कापायचा. पानं ओरबाडून काढायची, चार-पाच दांड्यांची सैल जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगायची. उजेडात सुकवलं तर रंग विटतो. लाल आणि गडद गुलाबी रंग सुकल्यावरही जवळजवळ तसेच राहतात, केशरी थोडा तांबूस होतो.

बी धरायचं असेल तर एक तुरा झाडावरच म्हातारा होऊ द्यावा. तळाची फुलं भुरकट झाली की खाली पांढरा कागद धरून तुऱ्याला टिचकी मारायची. आधी नुसता भुसा पडतो, मग त्यात काळे चमकते ठिपके दिसू लागतात. कागद किंचित तिरका करून हळू फुंकर घातली की भुसा उडतो आणि जड बी मागे राहतं. ते दोन-चार दिवस सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवायचं. संकरित वाणाचं बी आईसारखं निघेलच याची खात्री नाही, शिवाय मधमाश्या या तुऱ्यांवर दिवसभर असतात, तेव्हा शेजारच्या रंगांची सरमिसळ होणारच. वाफ्यात सांडलेल्या बियांतून आपसूक रोपं उगवली आहेत, त्यांतली बरीचशी लाल खोडाची. ती चार पानांवर आली की उचलून उन्हाच्या बाजूला लावणार आहे. पिवळ्यासाठी मात्र नवं पाकीटच घ्यावं लागेल.